तारेचे आकडे आणि एक सराटा

माझ्या मोठ्या साडभावाने आयुष्यात एकही खिळा विकत घेतलेला नाही. खिळा नाही, हुक नाही, कडी नाही, साधी सेफ्टी पिनसुद्धा नाही. जगात जे काही सुटतं, निखळतं किंवा लोंबतं ते फक्त आपण स्वतः वाकवलेल्या तारेनेच जागेवर राहू शकतं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. "दुसऱ्यानं वाकोलेल्या लोखंडावर आपुन भरोसा काहून ठेवावं?" असं ते विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता समोरच्याच्या चपलेचा अंगठा तपासायला लागतात. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा हे एरवी फार धोक्याचं नातं नसतं. लग्नात शेजारी बसून जेवायचं, वर्षातून दोनदा एकमेकांना फोन करायचा, एवढ्यात ते निभावतं. मला मात्र या नात्यापायी अमरावतीहून अंजनगावमार्गे अकोटला इतक्या खेपा घालाव्या लागल्या आहेत, की एसटीतल्या कंडक्टरांनी माझी विचारपूस करावी.

मी त्यांना दादा म्हणतो. ते अकोटच्या एका प्रेसिंगमध्ये फिटर होते. सरकीतून मोकळी झालेली रुई तिथे यंत्राखाली दाबून तिच्या गाठी बांधतात. या गाठीची तार जिथे अडकते तो आकडा म्हणजे दादांच्या जगाचा मध्य. तारेच्या दोन्ही टोकांना दोन आकडे वाकवायचे आणि एकमेकांत अडकवायचे. यंत्राचा दाब सुटला की रुई फुगते, तार ताणली जाते आणि आकडे एकमेकांना आणखी घट्ट धरतात. म्हणून बांधताना तार कधी ओढून बांधायची नाही, दोन बोटं ढिली सोडायची, उरलेलं काम रुई करते. "दोन बोटं सोडाच लागते, साडभाऊ. नाई सोडली तं तार तुटते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की झोपेतही म्हणेन. त्यांची मुलगी पुण्याला नोकरीला निघाली तेव्हा ताई, म्हणजे माझी मेहुणी, स्टँडवर रडत होती. दादा शांतपणे म्हणाले, "दोन बोटं सोडली पायजे." माणसांनाही त्यांनी हाच नियम लावला होता आणि माणसांच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरला.

निवृत्तीनंतर दादांनी ओसरीवर ठाण मांडलं. बाभळीच्या एका ओंडक्यात दोन जाड बोल्ट ठोकून त्यांनी साचा तयार केला. त्याला ते घोडी म्हणतात. घोडीत तार अडकवायची, एका हाताने दाबायची, दुसऱ्या हाताने ओढायची, की आकडा तयार. वाकवण्याआधी ते तारेचा तुकडा फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐकतात. कान देऊन, डोळे मिटून. आवाज पटला नाही तर तो तुकडा बाद. आवाज पटला आणि आकडा झाला, तर त्याची परीक्षा. दाराच्या चौकटीला एक कडी आहे, तीत आकडा अडकवायचा, त्यात दोरी घालायची आणि दादांनी स्वतः त्या दोरीला लोंबकळायचं. सत्तरीचा माणूस दिवसातून चाळीस वेळा स्वतःच्या दारात लोंबकळतो हे बघून नवा पोस्टमन एकदा पत्रं टाकून पळाला होता. आकडा टिकला तर तेलाच्या डब्यात जातो. केसाएवढा उघडला तर दादा उठतात, परसदारी जातात आणि तो इतक्या तिरस्काराने फेकतात, की मला त्या आकड्याबद्दल वाईट वाटतं. परसात अशा नापास आकड्यांचा कमरेएवढा ढिगारा झाला होता. त्यातला एकही मला तिरपा दिसला नाही, पण मी कॉलेजच्या ऑफिसातला माणूस, माझी नजर पावतीपुस्तकापुरती.

त्यांच्या हाताखालून माझी एकही वस्तू सुटलेली नाही. चष्म्याचा स्क्रू पडला, तिथे त्यांनी तार घातली. ती इतकी मजबूत बसली की पुढे काचा बदलायला गेलो तर चष्मेवाल्याने हात टेकले. अमरावतीला आमच्याकडे आले की पहिल्या दिवशी भिंतीवरचे सगळे फोटो खाली, दुसऱ्या दिवशी सगळे वर, त्यांच्या आकड्यांवर. पुण्याला लेकीकडे ते एकदाच गेले आणि आठव्या दिवशी परत आले. का परत आलात विचारलं तर म्हणाले, "तिथं वाकवाले काईच नाई ना जी. सगळं आदीच पक्कं बसोलेलं हाय." आणि एकदा माझ्यासोबत एसटीत तारेचं अख्खं भेंडोळं घेऊन चढले होते. बांधलेली सुतळी अंजनगावच्या अलीकडे तुटली. भेंडोळं उसळलं ते थेट ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत. तीन सीटवरच्या बाया, एक नवरदेव आणि कंडक्टर असे सगळे तारेत गुंतले. लोक माझ्याकडे बघून ओरडत होते, कारण दादांनी मान खिडकीबाहेर वळवली होती. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "सुतळी इकतची होती."

असं सगळं हसतखेळत चाललं असतं. पण तीन वर्षांमागच्या वैशाखात एका दुपारी लाइट गेली. अकोटच्या त्यांच्या घरावर स्लॅब आहे आणि अकोला जिल्ह्यातला मे महिना काय असतो ते स्लॅबखाली राहिलेल्यालाच कळतं. कूलर बंद पडला आणि तासाभरात ताई स्वयंपाकघरात कोसळली. चार दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, की पुन्हा असं ऊन लागलं तर सांगता येत नाही, पुढच्या उन्हाळ्यात यांना थंड जागी ठेवा. लेक पुण्याहून धावत आली होती. तिने तिथेच ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात आई पुण्याला येणार, आणि दरवर्षीची ओढाताण नको, म्हणून कायमचीच. बाबांनी यावं नाही तर राहावं. दादांनी दवाखान्याच्या पलंगाची सैल दांडी खिशातल्या तारेने बांधून टाकली, आणि हात थरथरत होते म्हणून ती नीट बसली नाही. त्यांचे हात थरथरताना मी पहिल्यांदा बघितले ते तेव्हा.

लेकीने एसी सुचवला, इन्व्हर्टर सुचवला. दादांचं उत्तर ठरलेलं, "जे लाइटीवर चालते ते लाइटीसंग जाते." कुठून तरी त्यांनी गव्हाच्या काडाच्या गठ्ठ्यांची भिंत ऐकली. हातभर जाडीची भिंत, आतबाहेरून मातीचा गिलावा, ऊन आत शिरायलाच संध्याकाळ होते. पावसाळाभर आणि हिवाळाभर ते त्याचाच विचार करत होते, आणि फाल्गुनात तेल्हाऱ्याकडून ट्रॅक्टर भरून गठ्ठे येऊन पडले. गल्लीला वाटलं दादा म्हशी घेणार. दोघा-तिघांनी दुधाचा रतीब आधीच सांगून ठेवला. परसात दहा बाय बाराचं दगडी जोतं तयार होतं. त्यावर गठ्ठे विटांसारखे रचायचे, वर लाकडी चौकट, चौकटीवर टिनाचं छप्पर आणि टिनाखाली पुन्हा काड. हे सगळं जागेवर धरून ठेवायला जोत्यातल्या कडीपासून निघून चौकटीवरून पलीकडे उतरणाऱ्या दुहेरी तारा. एकूण सव्वीस. आणि प्रत्येक तारेला अर्थातच दादांच्या हातचे आकडे.

ताईने हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघितलं. "मी का म्हैस हाओ?" ती म्हणाली. "आयुष्यभर स्लॅबच्या घरात ठेवलं आन आता म्हातारपणी कुटारात बांधून राह्यले मले?" दादांनी समजावलं, मी समजावलं. ती पुण्यालाही जायला तयार नव्हती, तिथल्या तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव गुदमरतो, आणि काडाच्या खोलीतही झोपायला तयार नव्हती. शेवटी तिने तोडगा काढला, तोही तिच्या पद्धतीने. "सातपुड्याकून वारं सुटते तं लोकायचे टिनं गावाभाईर सापडते. हे तं काड हाये. पयलं वादळ येऊ द्या याच्या अंगावरून. टिकलं तं झोपीन. उडालं तं मी चालली पोरीसंग, आन मंग मले थांबवाचं नाई." मुलगी अक्षय्य तृतीयेला येणार होती. म्हणजे तोवर खोली उभी राहायला हवी होती, आणि तोवर वादळ यायलाही हवं होतं. वादळ यावं म्हणून वाट बघणारं ते अकोटमधलं एकमेव घर असावं.

मी दर शनिवारी संध्याकाळी जात असे आणि रविवारी परतत असे. गठ्ठे उचलायचे, रचायचे, पाणी द्यायचं, एवढी कामं मला होती. आकड्याला हात लावायची मनाई. एकदा दादा आंघोळीला गेले असताना मी घोडीवर एक आकडा वाकवला. ते टॉवेल गुंडाळून आले, आकडा उचलला, एक डोळा मिटून बघितला आणि विचारलं, "हे काय हाय जी? जिलबी?" आणि तो परसात गेला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याच्या मेहुणीसमोर असं बोलू नये. मी जेवायला बसलो नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

चैत्रात भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, सव्वीसच्या सव्वीस तारा बांधून झाल्या, प्रत्येकीत दोन बोटं ढिली सोडून. गिलाव्याची पांढरी माती भिजत घातली होती, पण भिंत बसू द्यावी म्हणून दादा थांबले होते. पुढच्या रविवारी मी घाम पुसत भिंतीला टेकलो आणि हाताला तार लागली. ती दोरीवरच्या कपड्यासारखी हलत होती. मी तार आणि काड यांच्या मध्ये हात घातला. दोन बोटांच्या जागी माझी अख्खी मूठ गेली. दुसरी तार बघितली, तीही तशीच. मी दादांना हाक मारली. त्यांनी मूठ घालून बघितली, क्षणभर तिथेच ठेवली आणि म्हणाले, "फुगाचं हाय अजून."

"काय फुगायचंय?"

"काड."

त्याच संध्याकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार रशीदभाई दादांचे बालमित्र आहेत आणि चाळीस वर्षांत त्यांना एक खिळाही विकू न शकल्याचं शल्य त्यांच्या मनात आहे. ऐकल्याबरोबर ते माझ्यासोबत आले, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "दादा, कपास फूलता है. काड बैठता है. उप्पर से छप्पर का वजन, रोज थोडा थोडा बैठेगा. तुम्हारी तार रोज ढीली हो रही है." दुकानात तारा ताणायचे पेच होते, तेही त्यांनी पिशवीत घालून आणले होते. दादांनी पिशवी बघितली आणि घरात निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी रशीदभाईंशी बोलणंच टाकलं. गिऱ्हाईक तुटलं असं म्हणावं, तर ते कधी जोडलेलंच नव्हतं.

या चुकीला हसणं सोपं आहे, आणि मी अमरावतीच्या गाडीत बसून हसलोही. पण मग हसू थांबलं. पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली प्रत्येक गाठ फुगली, त्याला जगात न फुगणारी गोष्ट असते हे कसं कळावं? आणि त्यातली खरी भीती अशी, की त्यांचे आकडे ताण असेल तोवरच धरतात. ताण गेला की ते एकमेकांत नुसते लोंबतात. वाऱ्याने दोनचार हिसके दिले की सुटणार. जगातले सर्वात काळजीपूर्वक वाकवलेले बावन्न आकडे त्या खोलीला लटकलेले होते आणि त्यांतला एकही काही धरत नव्हता. अक्षय्य तृतीयेला आठ दिवस राहिले होते. मी रजा टाकली आणि सणाच्या दोन दिवस आधी अकोटला पोचलो. दादांनी तारांना हात लावलेला नव्हता. ते रोज सकाळी प्रत्येक तारेत मूठ घालून बघत आणि ओसरीवर येऊन बसत, असं ताईने मला हळूच सांगितलं. "बोलत नाई ना जेवत बी नाई धड," ती म्हणाली. "कायचं टेन्शन हाये, तुमाले सांगतलं का काई?" मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सातपुड्याच्या बाजूचं आभाळ पिवळट झालं. मग मातकट. झाडं एकदम स्तब्ध झाली, कावळे खाली उतरले, आणि गल्लीतल्या बाया वाळवणं गोळा करायला धावल्या. लेक त्या वेळी पुण्याहून निघालेल्या गाडीत होती, सकाळी पोचणार होती. दादा परसात उभे होते. पहिला झोत आला तशी छपराची कडा करकरली आणि पश्चिमेच्या भिंतीतून टण असा आवाज झाला. एक तार सुटून हवेत फटकारत होती. मग दुसरी. दादा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा धुळीने भरला होता, आणि त्यांना मी ओळखतो तेव्हापासून न ऐकलेलं वाक्य त्यांनी म्हटलं, "साडभाऊ, मी चुकलो."

मला वाटलं आता ते खाली बसतील. पण चुकलो म्हटल्याबरोबर त्यांच्या अंगात विजेसारखी हालचाल आली. दुहेरी तारेच्या मध्ये दांडी घालायची आणि पीळ द्यायचा, की तार आखडते. दांडी उलटी फिरू नये म्हणून तिला एका लहान आकड्याने तारेला अडकवायचं. एवढंच काम होतं. पण सव्वीस दांड्या हव्या होत्या आणि सव्वीस आकडे. तपासलेल्या आकड्यांचा डबा गाठीच्या आकड्यांनी भरलेला, हे माप वेगळं. "तुमी वाकवा," दादा ओरडले. "मी पिळतो. तपासाले वेळ नाई!" मी घोडी खोलीत ओढून आणली आणि वाकवायला लागलो. बाहेर जे काही पडत होतं त्याच्या आवाजाने मी दर वेळी दचकत होतो. सुटलेल्या दोन तारा पुन्हा अडकवून दादा पाना, पेचकस, पहार, जे हाती लागेल ते तारेत घालून पिळत होते. सात तारा झाल्या आणि दांड्या संपल्या.

तेव्हा ताई आली. वाऱ्याने पदर डोक्यावरून पार मागे गेलेला, आणि ओच्यात स्वयंपाकघर. पोळ्या लाटायचं बेलनं, पळी, झारा, सांडशी, खलबत्त्यातला दस्ता, ताक घुसळायची रवी, देवघरातली अगरबत्तीची लोखंडी दांडीसुद्धा. ज्या खोलीत झोपणार नाही म्हणाली होती, त्या खोलीत ती आली, सगळं खाली ओतलं आणि माझ्या हातातून तार घेतली. "सरका, भाऊजी. तुमाच्यानं होत नाई." तिला कसं वाकवायचं हे सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं ती ओट्यावरून बघत होती. दादांनी एकदा तिच्याकडे बघितलं. "तू काहून आली वं? छत येईन अंगावर." ती तार दाबत म्हणाली, "येऊ द्या. मंग पुण्याले जावं नाई लागत." दादा बेलनं घेऊन पिळायला लागले.

पुढचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. छप्पर वीतभर उचललं जाई आणि धाडकन बसे, तेव्हा काडाची धूळ आमच्या तोंडात जाई. पूर्वेकडचा एक टिन सुटला आणि शेजाऱ्याच्या लिंबावरून पलीकडे गेला. आम्ही तिघं एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जात होतो. ताई आकडा वाकवी, मी धरी, दादा पिळत. शेवटची तार पश्चिमेच्या भिंतीतली, वाऱ्याच्या थेट तोंडाशी. तिच्यासाठी काहीच उरलं नव्हतं. ताईने कमरेला खोचलेला सराटा काढला. भाकरी उलटवायच्या उलथन्याला आमच्याकडे सराटा म्हणतात. तो तिच्या आईने दिलेला होता आणि आतापर्यंत तिने तो राखून ठेवला होता. दादांनी तो तारेत घातला, दोन्ही हातांनी पिळला, आणि ताईने स्वतः वाकवलेला आकडा त्यात अडकवला. इतका तिरपा आकडा मी जन्मात बघितला नाही. माझी जिलबी त्याच्यापुढे सरळ होती. पुढचा झोत आला. छप्पर करकरलं, ताणलं गेलं, आणि उचललं नाही. त्यानंतरचाही झोत आला. मग टपोरे थेंब पडायला लागले. दादा भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि माझ्याकडे पाठ करून रडले. मी बघितलं नाही असं दाखवलं, आणि मलाही रडू आलं हे त्यांनी बघितलं नाही असं मी धरून चालतो.

सकाळी लेक पोचली तेव्हा ओसरीवर दादा आणि मी चहा पीत होतो. "आई कुठेय?" तिने विचारलं. दादांनी परसाकडे बोट केलं. आम्ही मागोमाग गेलो. उघड्या काडाच्या भिंती, एका कोपऱ्यात टिन नाही, चारी बाजूंनी स्वयंपाकघर लोंबतंय, आणि मधे खाटेवर ताई गाढ झोपलेली. पंखा नाही, कूलर नाही, कपाळावर घाम नाही. वादळानंतर हवा गार होतेच, त्यात खोलीचं कर्तृत्व किती, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण मी गिळून टाकला. लेकीने उंबऱ्यातच बॅग खाली ठेवली आणि बाहीने डोळे पुसत विचारलं, "बाबा, हा झारा कशाला लावलाय इथे?" दादा म्हणाले, "सांगतो. पयले हात धू, चाय घे." पंधरा दिवस राहून, गिलाव्याची माती तुडवून ती एकटीच परत गेली. मेच्या शेवटच्या आठवड्यात लाइट दोन दिवस गेली होती. ताई त्या खोलीत पापड लाटत होती.

गिलाव्याआधी दादांनी सगळी भांडी काढून तिथे सळयांचे तुकडे घातले आणि आमचे सगळे आकडे बदलून स्वतःचे, लोंबकळून तपासलेले, बसवले. माझा एकही ठेवला नाही, याची मी नोंद घेतलेली आहे. रशीदभाईंशी बोलणं सुरू झालं, पण पेच आजही त्यांच्याच दुकानात आहेत. पश्चिमेची शेवटची तार मात्र दादांनी तशीच ठेवली, आणि तेवढ्या जागी गिलावा न करता लहानशी काच बसवली. येणाऱ्या माणसाला वाटतं, आत खरंच काड आहे हे दाखवायला ती ठेवली आहे. काड दिसतंच. त्याच्यापुढे ताईचा सराटा आणि ताईचा आकडा दिसतो. ताई तेव्हापासून भाकरी हाताने उलटवते. दुसरा सराटा आणू का, असं मी विचारलं तर म्हणाली, "राहू द्या. मले माहाच पायजे."

आता दादांचे हात कायमच थरथरतात. तरी ओसरीवर घोडी आहे, तार आहे, आणि ते रोज दोन-तीन आकडे वाकवतात. दाराला लोंबकळणं ताईने बंद केलं. मागच्या महिन्यात गेलो होतो. त्यांनी तारेचा तुकडा फरशीवर टाकला, डोळे मिटून ऐकला, घोडीत घातला आणि ओढला. हात मधेच हलला आणि आकडा तिरपा झाला. मला वाटलं, आता उठतील आणि फेकतील. ते उठले, हळूहळू चालत त्या खोलीत गेले, मीही गेलो. आत गारवा होता. ताई खाटेवर डोळा लागून पडली होती. दादांनी आपला आकडा काचेजवळ, तिच्या आकड्याशेजारी धरला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. "जमला," ते मला हळूच म्हणाले, तिची झोप मोडू नये म्हणून, आणि तो घेऊन डब्यात टाकायला गेले. मी मागच्या दारातून परसात डोकावलो. नापास आकड्यांच्या ढिगाऱ्यावर आता गवत उगवलं आहे.